रंगाचा ठेका : साहित्य कोणी आणावे?

पावसाळा सरून दसरा-दिवाळीचे वेध लागले, की शहरांतील सदनिकांमध्ये रंगकामाची लगबग सुरू होते. छटा निवडण्यात कुटुंबाचा बराच वेळ जातो. पण त्याहून महत्त्वाचा एक निर्णय रंगाऱ्याच्या पहिल्याच भेटीत घाईने उरकला जातो. रंग घरमालकाने आणायचा की रंगाऱ्याने, हा तो निर्णय. कामाचा खर्च, त्याचा टिकाऊपणा आणि पुढे पोपडे निघाल्यास जबाबदारी कोणाची, या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

ठेक्याचे प्रकार

रंगकाम साधारणतः दोन प्रकारे दिले जाते. मजुरीच्या ठेक्यात रंगारी केवळ कामाचे पैसे घेतो आणि रंग, प्रायमर, पुट्टी, पॉलिश पेपर हे सारे घरमालक आणतो. साहित्यासह ठेक्यात हे सर्व रंगारी आणतो आणि चौरस फुटाला एक दर सांगतो किंवा संपूर्ण घराचे काम उक्ते घेतो.

दुसऱ्या प्रकारात घरमालकाच्या खेपा वाचतात. रंगारी हा दुकानदाराचा नेहमीचा ग्राहक असल्याने त्याला छापील किमतीवर सवलत मिळू शकते. मात्र एकदा दर ठरला, की साहित्यावर जितका कमी खर्च होईल तितका रंगाऱ्याचा नफा वाढतो. मजुरीच्या ठेक्यात हा मोह उरत नाही. पण रंग वाया गेला किंवा जास्त मागवला गेला तर भुर्दंड घरमालकाला पडतो. म्हणजे दोन्ही प्रकारांत धोका आहे. तो कोणाच्या अंगावर येतो एवढाच फरक.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन ठेवण्याची प्रथा रंग कंपन्यांनी वर्षानुवर्षे चालवली. आता त्याची जागा बऱ्याच अंशी मोबाइलवर नोंदवायच्या सांकेतिक क्रमांकांनी घेतली आहे. हा विक्रीवाढीचा उघड मार्ग आहे. त्यात गैर काही नाही. परंतु रंगारी एखाद्याच कंपनीचा आग्रह धरत असेल, तर त्यामागचे कारण विचारायला हरकत नाही.

डब्यात काय असते?

रंगात मुख्यतः चार घटक असतात : रंगद्रव्य, भिंतीला धरून ठेवणारे बंधक राळद्रव्य, भरीची भुकटी आणि पाणी किंवा द्रावक. पांढरेपणा आणि जुना रंग झाकण्याची क्षमता प्रामुख्याने टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येते. हा घटक महाग असल्याने स्वस्त रंगांत चुनखडी, टाल्क, चिनी माती यांची भर अधिक आणि बंधक कमी असतो. असा रंग सुकल्यावर छान दिसतो. पण ओल्या फडक्याने पुसला की हाताला पांढरी भुकटी लागते.

बोलीभाषेत मात्र ‘प्लॅस्टिक पेंट’ या एकाच शब्दात सर्वांत स्वस्त इमल्शनपासून सर्वांत महागड्या इमल्शनपर्यंत सारे काही सामावते. घोटाळा होतो तो येथेच. दोन रंगाऱ्यांच्या दरांत मोठी तफावत असेल, तर ती मजुरीपेक्षा रंगाच्या प्रतीतली असू शकते. धुता येणारे डिस्टेंपर आणि प्लॅस्टिक इमल्शन यांची भारतीय मानकेही निराळी आहेत. पहिल्यासाठी आयएस ४२८, तर दुसऱ्यासाठी आयएस १५४८९. म्हणून केवळ कंपनीचे नाव पुरेसे नाही. एकाच कंपनीच्या अनेक प्रती असतात. उत्पादनाचे डब्यावरील पूर्ण नाव ठरवून घ्यावे.

रंगाचा हिशेब

किती रंग लागेल, हे घरमालकाला स्वतः काढता येते. खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट असल्यास चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. एक दार (२१ चौरस फूट) आणि एक खिडकी (१६ चौरस फूट) वजा केल्यास ४०३ चौरस फूट उरतात. कंपनीच्या माहितीपत्रकात दोन हातांसाठी लिटरमागे ६० चौरस फूट असा आकडा दिला असेल, तर सुमारे ७ लिटर रंग पुरतो. भिंत खडबडीत असल्यास किंवा गडद रंगावर फिका द्यायचा असल्यास थोडा अधिक लागतो. दर चटई क्षेत्रावर आहे की प्रत्यक्ष रंगवलेल्या क्षेत्रावर, हेही आधीच स्पष्ट करावे. नंतरचे वाद बहुधा याच मोजमापावरून होतात.

रंगात पाणी किती मिसळावे, हे माहितीपत्रकात दिलेले असते. त्याहून अधिक पाणी घातले, की चांगला रंगही झाकत नाही आणि टिकत नाही. त्यामुळे डबा सीलबंद आहे ना, हे पाहावे आणि तो घरातच उघडायला सांगावा. दुकानातील यंत्रावर छटा तयार करून घेतल्यास छटेचा क्रमांक व बेसचे नाव टिपून ठेवावे. पुढे एखादी भिंत दुरुस्त करताना ते उपयोगी पडते.

शिशाची मर्यादा

घरात लहान मुले असल्यास डब्यावरील मजकूर आवर्जून वाचावा. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार डब्यावर तसा उल्लेख आवश्यक आहे. दारे-खिडक्यांचे जुने ऑइल पेंट त्यापूर्वीचे असल्यास ते कोरडे घासू नये. ओले करून घासावे आणि त्या वेळी मुलांना दूर ठेवावे.

निवड कशी करावी?

एक-दोन खोल्यांचे काम असेल, भिंती चांगल्या असतील आणि देखरेखीला घरात कोणी असेल, तर मजुरीचा ठेका सोयीचा. संपूर्ण घर रंगवायचे असेल, पुट्टीचे काम मोठे असेल, तर साहित्यासह ठेका देणे योग्य. कारण तेथे रंग आणि काम या दोहोंची जबाबदारी एकाच माणसावर राहते. अन्यथा रंगारी रंगाला दोष देतो आणि दुकानदार भिंतीला. मधला मार्गही आहे : रंगाऱ्यासह दुकानात जाऊन रंग निवडावा, पैसे थेट दुकानात भरावेत आणि पावती स्वतःच्या नावे घ्यावी.

ओल असलेल्या भिंतीवर मात्र कोणत्याही ठेक्यातला रंग टिकत नाही. आधी गळती थांबवावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंगाऱ्याला बोलवावे.

कोणताही प्रकार निवडला तरी एका कागदावर पाच गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात : उत्पादनाचे पूर्ण नाव, प्रायमर, पुट्टी व रंगाचे किती हात, मोजमापाची पद्धत, दरात कर धरला आहे की नाही आणि पैसे देण्याचे टप्पे. शेवटचा हप्ता काम पाहिल्यावर द्यावा. पण काम नीट झाले असेल तर तो अडवूनही ठेवू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. तेथे हा कागद आणि दुकानाची पावती हाच आधार ठरतो.