आमवाताची मेंदूपर्यंत मजल

आमच्या बुधवार पेठेत पुस्तके बांधणारे, ओझी वाहणारे पुष्कळ. त्यांच्यापैकी कोणाची बोटे सकाळी तास तास मिटत नसली, तर ‘वात आहे, शेक घ्या’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. वात सांध्यांपलीकडे जात नाही, हा समज मात्र अपुरा आहे.

माधवकराने आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले, त्याला बारा-तेराशे वर्षे झाली. वाढलेल्या रोगात त्याने भ्रम, मूर्च्छा आणि हृद्ग्रहही सांगितले. त्याचा आमवात आणि आजचा संधिवात एकच, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुखणे सर्वांगाचे आहे, एवढे त्याने ओळखले होते. युरोपात १८०० साली लांद्रे-बोव्हे याने पॅरिसच्या इस्पितळातील गरीब स्त्रियांवरून या रोगाचे वर्णन केले. १८५९ साली लंडनच्या गॅरॉडने त्याला आजचे इंग्रजी नाव दिले.

शरीराची राखणदार शक्तीच येथे उलटते. सांध्याच्या अस्तरासारखा रक्तवाहिन्यांनाही दाह होतो. मेंदूतील वाहिन्यांना असा दाह क्वचितच होतो. परंतु वर्षानुवर्षांच्या दाहाने वाहिन्या लवकर कठीण होतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे नित्याचे.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेंच यांनी कॉर्टिसोन टोचले आणि खिळलेले रोगी चालू लागले. १९५० साली नोबेल मिळाले. पण १९५७ साली त्याच संस्थेतील डॉक्टरांनी, हे औषध भरपूर घेतलेल्यांत वाहिन्यांचे विकार अधिक आढळतात, असे लिहिले. दोष औषधाचा, की मुळातच रोग उग्र असणाऱ्यांना ते जास्त दिले जाते म्हणून? हा वाद मोठा, आणि आम्हांस तो रास्त वाटतो.

त्याच १९४८ साली आपल्याकडे कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. आजारपणाचा भत्ता पुढे वर्षाला ९१ दिवस ठरला. आयुष्यभराच्या रोगाला ९१ दिवस! एका बांधणीकाराचे अंग लुळे पडले, तेव्हा मालक म्हणाला, सांधेदुखीशी याचा संबंध काय? डॉक्टरांनी संबंध लिहून देईपर्यंत त्याच्या जागी दुसरा माणूस बसला होता.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. सुमारे दर दोनशे माणसांत एकाला हा रोग आढळला. आता मेथोट्रेक्सेटने दाह वेळीच आवरता येतो. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठी वाचता न येणाऱ्यास हे कोणीतरी तोंडी सांगितलेच पाहिजे.