डिस्ट्रिब्युटरविरहित प्रज्वलन : यंत्राचा आणि कारागिरीचा इतिहास

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग बारडोलीवरून जातो. १९२८ च्या सत्याग्रहामुळे हे गाव इतिहासात अजरामर झाले. परंतु गुजरात आणि खानदेश जोडणाऱ्या या रस्त्यावरील गॅरेजलाही एक इतिहास आहे. पेट्रोल इंजिनातील ठिणगीच्या आधारे तो समजून घेता येतो.

१९०२ मध्ये बॉश कंपनीतील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धत विकसित केली. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर ही तिची अंगे. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीपर्यंत हीच पद्धत टिकली. पॉइंट उघडताच कॉइलमध्ये हजारो व्होल्ट निर्माण होत आणि फिरणारा रोटर ते एकेका प्लगला पोहोचवी. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. साहजिकच पॉइंट झिजत, पावसाळ्यात कॅपमध्ये ओल शिरे. फीलर गेज आणि तयार कान हेच मिस्त्रीचे भांडवल होते.

नव्या पद्धतीत डिस्ट्रिब्युटर नाही. क्रँकशाफ्टवरील दातेरी चक्राजवळचा सेन्सर पिस्टनची स्थिती कळवतो, त्यावरून संगणक ठिणगीची वेळ ठरवतो. एक कॉइल दोन प्लगना जोडलेली असते. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. एकात मिश्रण दाबले जात असते, तर दुसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. ठिणगी दोन्हीकडे पडते, दुसरी वाया जाते. मात्र तेथे दाब कमी असल्याने तिला फारसे व्होल्टेज लागत नाही. ही कल्पना १९४८ च्या सित्रोएन २सीव्हीमध्येही होती. तिला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची जोड १९८० च्या दशकात मिळाली. पुढे प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आली.

भारतात या बदलाला प्रदूषणाच्या नियमांनी गती दिली. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला आणि २००५ मध्ये भारत स्टेज २ देशभर लागू झाले. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो निकामी होतो. म्हणून अचूक ठिणगी ही कायद्याचीही गरज ठरली.

या बदलाची किंमत कारागिराने मोजली. डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग साधणारा हात रिकामा झाला. दोष आता स्कॅनर सांगतो, पण त्याचा अर्थ लावावा लागतो. सिलिंडर चुकत असल्याचा कोड आला म्हणजे कॉइलच बिघडली असे नव्हे. दोष प्लगचा, वायरिंगचा किंवा इंजेक्टरचाही असू शकतो. अशा वेळी तर्कशक्तीच उपयोगी पडते.

उस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारी विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. नवी विद्या पुस्तकात आहे, पण बहुधा इंग्रजीत. ती मुलांच्या भाषेत वर्गात आणणे हे शिक्षकांचे काम आहे. अन्यथा पिढीजात हुनर असलेली मुलेच या व्यवसायातून बाहेर पडतील.