जहाजाच्या आदल्या रात्री माणसं राहायची कुठे?

मागच्या हिवाळ्यात मावशी आणि काका सांगलीहून तळोज्याला आमच्याकडे एका रात्रीसाठी आले. दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईहून गोव्याची क्रूझ धरायची होती. क्रूझचं तिकीट मुलानं काढून दिलेलं, पण आदल्या रात्री राहायचं कुठे याचा विचार कोणीच केला नव्हता. बॅलार्ड पिअरच्या आसपासच्या हॉटेलांचे दर बघून काका म्हणाले, "एवढ्यात मी सांगलीत महिना काढीन." मग शोध फोर्टातून दादरला, दादरहून खारघरला, खारघरहून पनवेलला सरकत शेवटी आमच्या हॉलमधल्या दिवाणावर येऊन थांबला. सकाळी पेंधरहून मेट्रोनं बेलापूर, तिथून हार्बर लाइननं सीएसएमटी, पुढे टॅक्सी.

ते गेल्यावर माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. माझं पीएच.डी.चं काम एकोणिसाव्या शतकातल्या सागरी प्रवासावर आहे. जहाजं, कंपन्या, भाडी, कायदे यांवर माझ्याकडे वह्याच्या वह्या भरल्यात. पण जहाज सुटायच्या आदल्या रात्री साधा, फारसे पैसे नसलेला माणूस कुठे झोपायचा, याबद्दल माझ्या नोंदींत जवळजवळ काही नव्हतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण हा प्रश्न शोधताना मी जी चूक केली ती तुम्हीही करण्याची शक्यता आहे.

चूक अशी, की मी 'मुक्काम' शोधायला लागलो. अभिलेखागारातल्या सूचीत हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखाना असे शब्द पाहत बसलो. थोडंफार सापडलं, पण विस्कळीत. गाइडना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तू खोल्या मोजतोयस. ती माणसं तिथे कशासाठी थांबली होती ते बघ ना." म्हणजे काय, तर बंदराजवळचा मुक्काम ही मुळात वाट पाहण्याची जागा आहे. वाट किती वेळ पाहायची, आणि तो वेळ कोण ठरवतं, यावर त्या मुक्कामाचा खर्च आणि रूप दोन्ही ठरतं. एवढं लक्षात आल्यावर तेच जुने कागद वेगळे दिसायला लागले.

सुरुवात घराजवळूनच करू. तळोज्याहून थोड्या अंतरावरचं पनवेल आज लोकांना एक्स्प्रेस-वे आणि रेल्वेमुळे माहीत आहे. पण रेल्वे येण्याआधी ते घाट आणि मुंबई यांच्यामधलं बंदर होतं. पुण्याहून मुंबईला निघालेला माणूस बोरघाट उतरून पनवेलला यायचा आणि तिथून होडीनं खाडी पार करून मुंबई गाठायचा. १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकाची गाडी जाऊ शकेल असा रस्ता खुला झाला आणि ही वाट आणखी गजबजली. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वेच्या आधीची आहे. गावाचं तेव्हाचं महत्त्व समजायला एवढं पुरे.

आता खाडीचा स्वभाव बघा. भरतीला पाणी गावाच्या धक्क्याशी, ओहोटीला नुसता चिखल. दिवसातून दोनदा भरती, आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाच्या वर पुढे सरकणार. तुम्ही घाट उतरून दुपारी पोचलात आणि पाणी उतरलेलं असलं, तर पुढच्या भरतीपर्यंत बसा. ती मध्यरात्री असेल तर मध्यरात्री निघा. म्हणजे पनवेलचा मुक्काम तासांचा, फार तर एका रात्रीचा. अशा मुक्कामाला खोली लागत नाही. धर्मशाळेची ओसरी, देवळाचा ओटा, ओळखीच्याची पडवी पुरते. त्याचा हिशोब कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्याचे कागदही फारसे मिळत नाहीत.

आणि मग हे सगळं फार लवकर आटोपलं. १८५३ ला मुंबई-ठाणे, १८५६ ला खोपोलीपर्यंत गाडी, १८६३ ला बोरघाटाचा चढ पूर्ण. पुण्याचा प्रवासी कर्जत-कल्याणमार्गे थेट बोरीबंदरला उतरू लागला. पनवेलला स्वतःची रेल्वे मिळायला पुढे सुमारे शंभर वर्षं लागली. दिवा-पनवेल मार्ग, ज्यावर आमचं तळोजा स्टेशन आहे, तो १९६० च्या दशकातला.

(इथे एक व्यावहारिक सूचना. पनवेल आज रायगड जिल्ह्यात आहे म्हणून तुम्ही जुन्या बॉम्बे गॅझेटिअरचा कुलाबा खंड उघडाल आणि रिकाम्या हातानं परत याल. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १८८२ च्या ठाणे खंडांत बघा. शिवाय जुन्या इंग्रजी कागदांत पनवेलचं स्पेलिंग कधी 'व्ही'नं, कधी 'डब्ल्यू'नं, शेवटी कधी एक 'एल', कधी दोन. संगणकावर शोधताना सगळी रूपं घालून पाहा. माझा एक आठवडा यात गेला.)

पनवेलला वाट पाहायला लावणारा समुद्र होता. मुंबईत ते काम माणसं करायची. माझ्या अभ्यासाचा मुख्य भाग तिथे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचं सगळ्यांत मोठं बंदर झालं. यात्रेकरू कोकण, दख्खन, पंजाब, बंगालमधून तर यायचेच, पण अफगाणिस्तान आणि मध्य आशियातूनही यायचे. बरेचसे गरीब, आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधून निघालेले. रेल्वेनं मुंबईत उतरायचं आणि जिद्दाला जाणारं जहाज शोधायचं. पण जहाजाला आजच्यासारखं पक्कं वेळापत्रक नसायचं. जहाज भरलं की सुटणार. ते कधी भरणार, हे मालक आणि दलाल यांच्या हातात. दलालाची कमाई तिकिटामागच्या दलालीवर, त्यामुळे 'दोन दिवसांत सुटतंय' असं सांगून पैसे घ्यायचे आणि माणूस पंधरा दिवस, महिनाभर मुंबईतच. बऱ्याचदा राहण्याची जागा दाखवणाराही दलालच.

हिशोब मांडून बघा. जहाजाचं भाडं एकदाच द्यायचं असतं आणि ते आधी माहीत असतं. मुंबईतल्या एका दिवसाचा खर्च, म्हणजे जागा, जेवण, पाणी, सरपण, हा दिवसांच्या संख्येनं गुणला जातो आणि ती संख्या तुम्हाला कोणीच सांगत नाही. शिवाय जहाजावर डेकच्या प्रवाशांनी आपला शिधा आपणच न्यायचा आणि शिजवायचा असा रिवाज होता. थांबणं लांबलं की तो शिधाही मुंबईतच संपायचा. परतीच्या भाड्याचे पैसे असे आधीच खर्च झालेले लोक जिद्दाला उतरायचे आणि हज झाल्यावर तिथेच अडकायचे. सरकारी कागदांत त्यांना 'कंगाल यात्रेकरू' असं म्हटलेलं सापडतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा सूर बहुतेक वेळा असा, की हे लोक मुळातच पैसे नसताना निघतात. काही जण तसे निघत असतीलच. पण कंगाल होण्याची प्रक्रिया किती जणांच्या बाबतीत मुंबईतच सुरू झाली, हा प्रश्न तो सूर झाकून टाकतो. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण याच शंकेवर उभं आहे.

सरकारचं लक्ष या मुक्कामांकडे गेलं ते दयेपोटी नव्हे, पटकीमुळे. १८६५ च्या हजमध्ये पटकीची मोठी साथ आली आणि ती पुढे युरोपात पोचली. १८६६ ला कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तिथे हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरूंकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हापासून बंदराजवळ दाटीवाटीनं राहणारा गरीब प्रवासी हा आरोग्यखात्याचा विषय झाला. १८८० च्या दशकात मुंबईत यात्रेकरूंसाठी खास अधिकारी नेमला गेला, त्याचं पद 'प्रोटेक्टर ऑफ पिलग्रिम्स'. १८८७ च्या मुंबईच्या कायद्यानं दलालांना परवाना सक्तीचा केला. त्याआधी, १८८६ ला, सरकारनं थॉमस कुक कंपनीला हजच्या प्रवासाची एजन्सी दिली होती. तेच कुक, ज्यांनी युरोपात मध्यमवर्गाला सहलीला न्यायचा धंदा उभा केला. त्यांची कल्पना साधी होती. रेल्वे आणि जहाज यांचं एकत्र तिकीट गावाजवळच द्यायचं, म्हणजे माणूस जहाजाच्या बेतानं मुंबईत येईल आणि थांबावं कमी लागेल. कागदावर अचूक इलाज! पण धंदा तोट्यात गेला आणि १८९३ ला ही व्यवस्था संपली. दलाल, जहाजमालक आणि स्वस्त भाड्याची स्पर्धा यांच्यापुढे ती टिकली नाही.

दुसरा इलाज शहरातल्या श्रीमंत मुस्लिम व्यापाऱ्यांनी केला, तो म्हणजे मुसाफिरखाने. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना तुमच्यापैकी काहींनी बाहेरून पाहिला असेल. यात्रेकरूला छप्पर मिळावं हे पुण्याचं काम, म्हणून दानातून उभ्या राहिलेल्या या वास्तू. इथे घाई करून दोन टोकाचे निष्कर्ष काढू नका. 'दानशूरांनी प्रश्न सोडवला' हे एक टोक आणि 'सरकारनं दानाचा वापर पाळत ठेवायला केला' हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे. एका ठिकाणी जमलेल्या प्रवाशांना छप्पर देणं सोपं जातं, आणि त्यांची तपासणी करणंही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा हे लख्ख दिसलं. १८९७ ला मुंबईहून हजला जाण्यावरच बंदी घातली गेली. पुढे परवानगी मिळाली तेव्हा जहाजावर चढण्याआधी तपासणी आणि निर्जंतुकीकरण हा प्रवासाचाच भाग होऊन बसला. वाट पाहायला लावणारा आता दलाल एकटा नव्हता, डॉक्टरही होता.

परतीच्या तिकिटाची सक्ती करावी का, यावर सरकारनं कित्येक दशकं घोळ घातला. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचं वचन होतं, त्याची ढाल पुढे केली जायची. शेवटी १९२५ ला परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम बंधनकारक झाली. एका परीनं ही अडकून पडण्यापासून सुटका होती. दुसऱ्या परीनं, ज्याच्याकडे एकाच बाजूचे पैसे होते त्याचा हज मुंबईच्या धक्क्यावरच संपला. हे वाचताना आपण कोणाच्या बाजूनं आहोत हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. व्हायवाला विचारतील, तोपर्यंत ठरवीन.

तिसरा नमुना मला उशिरा सुचला, आणि तोही धोबी तलावच्या इराण्याकडे चहा पिताना. समोर जेर महाल. त्या इमारतीत आणि त्या परिसरात गोव्यातल्या गावांचे 'कूड' आहेत. कूड म्हणजे कोंकणीत खोली. गोव्याचे ख्रिस्ती तारवटी, म्हणजे जहाजावर खलाशी, आचारी, स्ट्युअर्ड म्हणून काम करणारे, पी अँड ओ किंवा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर चढायला मुंबईला यायचे. एक करार संपला की दुसरी बोट मिळेपर्यंत आठवडे नाही, महिने जायचे, आणि त्या काळात पगार नाही. म्हणून गावानं मिळून मुंबईत जागा घेतली. त्या गावचा असाल तर अगदी थोड्या पैशात पथारी पसरायला जागा आणि पेटी ठेवायला कोपरा. भिंतीशी देव्हारा, गावच्या संताची मूर्ती, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणजे रोझरी. प्रार्थना चुकवली तर दंड करणारे कूडही होते.

म्हणजे इथेही स्वस्ताईला अट आहेच. तुम्ही त्या गावचे असले पाहिजेत, पुरुष असले पाहिजेत आणि संध्याकाळी सातला गुडघे टेकायला हजर असले पाहिजेत. पण मुसाफिरखान्यात माणूस पाहुणा असतो आणि कूडात तो भागीदार. वाट पाहणं कमी करणं कोणाच्याच हातात नव्हतं, तेव्हा ते वाटून घेतलं. दलालाच्या खोलीत तो एकटा पडला असता.

साधनांबद्दल थोडं, कारण मला ईमेल करणाऱ्यांपैकी निम्मे हेच विचारतात. हजविषयी सरकारी अहवाल आणि पत्रव्यवहार भरपूर आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. माझ्यासारखं 'मुक्काम' शोधू नका. सार्वजनिक आरोग्य, बंदर, पोलीस या विषयांखाली पाहा. सौरभ मिश्रांचं १८६० ते १९२० च्या हजवरचं इंग्रजी पुस्तक (२०११) आधी वाचलंत तर रोगराई आणि राजकारण यांचा धागा हाती येईल. मात्र या सगळ्या कागदांत यात्रेकरू बोलत नाही, त्याच्याविषयी बोललं जातं. त्याचा आवाज उर्दूतल्या हजच्या सफरनाम्यांत मिळतो, आणि तिथेही लिहिणारे बहुतेक सुस्थितीतले. कूडांचं उलटं आहे. सरकारी कागद कमी, पण जमाखर्चाच्या वह्या आणि माणसांच्या आठवणी आहेत. तिथे तुमची कोंकणी आणि तुमचा संयम कामी येईल.

मुंबई-जिद्दा जहाजं १९९५ पर्यंत चालली. शेवटच्या फेऱ्या 'अकबरी' या बोटीच्या. मोगल लाइनची, म्हणजे १८७७ ला सुरू झालेल्या कंपनीची, ही बोट पुढे शिपिंग कॉर्पोरेशनकडे आली होती. आता सगळे विमानानं जातात. तरी सीएसएमटीजवळच्या हज हाउसमध्ये उड्डाणाआधी मुक्कामाची सोय आहेच.

सध्या मी एकच तक्ता करतोय. ज्या जहाजांबद्दल दोन्ही तारखा सापडतात, सुटण्याची जाहीर केलेली आणि प्रत्यक्ष सुटल्याची, त्या शेजारी-शेजारी लिहायच्या. मधल्या दिवसांचा रकाना रिकामा ठेवलाय, मुंबईतल्या रोजच्या खर्चाचा एखादा विश्वासार्ह आकडा मिळाला की भरायला. अशी नोंद कोणाच्या वाचनात आली असेल, उर्दू सफरनाम्यात असली तर फारच उत्तम, तर जरूर कळवा. काकांची क्रूझ, तेवढं सांगून टाकतो, अगदी वेळेवर सुटली.