फॉरमॅट मारला आणि मराठी गेली!

दिवाळी २००८. आरमोरीला मामांचा सेकंडहँड पीसी व्हायरसने मेटाकुटीला आलेला. म्हटलं, फॉरमॅट मारू. त्यांच्या झाडीपट्टी नाटकाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, एक्सपी नव्याने टाकलं, फाइल उघडली... नुसती इंग्रजी अक्षरं! मामांचा चेहराच पडला.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच कोड असतात. मराठी दिसते ती फॉन्टमुळे. आणि फॉन्ट तर सी ड्राइव्हबरोबर पुसला गेला होता. युनिकोडने देवनागरीला स्वतःचे कोड १९९१ मध्येच दिले होते. २००१ च्या एक्सपीतही सोय होती, पण ती सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून चालू करावी लागे. एवढं कोण करतंय?

शेवटी फॉन्ट मिळाला, नाटक परत आलं. लगेच युनिकोडमध्ये बदलून ठेवलं. मंडळी, फायली जपल्या म्हणजे भाषा जपली असं नाही.