खेड्याकडे परतलेले गुरुजी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील असंख्य खेड्यांत शाळा नव्हती. शिकलेला तरुण सरकारी नोकरीकडे वळे. आडगावी जाऊन अल्प वेतनावर मुलांना मुळाक्षरे शिकविण्यास तो सहसा राजी नसे. शाळा काढण्यापेक्षाही तेथे टिकणारा शिक्षक मिळणे अवघड होते.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी या प्रश्नाचे उत्तर खेड्यातच शोधले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथील मुले स्वतः राबत, एका पंक्तीत जेवत आणि शिकत. त्यांच्या पोटासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले.

१९३५ मध्ये संस्थेने साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. गावातील हुशार मुलगा आणावा, त्यास श्रम व अध्यापन शिकवावे आणि गुरुजी म्हणून पुन्हा खेड्यातच पाठवावा, असे हे सूत्र होते. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर शाळा नसलेल्या गावी ‘व्हॉलंटरी’ शाळा काढण्यास खाजगी संस्थांना उत्तेजन मिळाले. ‘रयत’ने ही संधी साधली. सुमारे दशकभरात अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. पुढे त्या शासकीय शिक्षण यंत्रणेकडे सोपविण्यात आल्या.

गुणवान पदवीधरांना दुर्लक्षित शाळांत धाडण्याचा विचार नंतर इतरत्रही रुजला. अमेरिकेत १९९० मध्ये ‘टीच फॉर अमेरिका’ने असे तरुण शहरांबरोबर ग्रामीण भागांतही दोन वर्षांसाठी नेमले, २००९ मध्ये मुंबई-पुण्यात ‘टीच फॉर इंडिया’ने तोच मार्ग धरला. अशा तरुणांमुळे वर्गात नवी उमेद येते, हे खरे. परंतु मुदत संपल्यावर अनेकांची वाट बदलते. कर्मवीरांच्या गुरुजींना खेडे परके नव्हते. तेथील भाषा, दारिद्र्य आणि पेरणी-सुगीचे वेळापत्रक त्यांनी जन्मापासून पाहिले होते.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. बुद्धिमान तरुणाने खेड्यात जावे असे वाटत असेल, तर प्रथम खेड्यातील बुद्धिमान मुलास शिकविले पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा बोध आजही तितकाच मोलाचा आहे.