टीम अरीना : झेंडा आणणारे आणि गड राखणारे

गेल्या विकांताला उमरेडला गेलो होतो. काकूने घर आवरायला काढलं होतं, त्यामुळे आल्या आल्या चहाऐवजी हातात झाडू मिळाला :) माडीवरची लोखंडी पेटी उघडली तर जुन्या मासिकांच्या खाली एक सीडी सापडली. वर मार्करने, दादाच्या अक्षरात : "क्वेक थ्री + टीम".

दादा म्हणाला, "फेक ना बे ते, कायले ठेवून राहिला?" आणि दहा मिनिटांनी स्वतःच ती उचलून कपाटात ठेवून आला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. साल २००६. मी चौथीत, तो नागपूरला इंजिनिअरिंगला. उमरेड नागपूरपासून साधारण ४५ किलोमीटर, कोळशाच्या खाणीचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत त्याचे तीन मित्र आपापले सीपीयू आणि ते जाडजूड मॉनिटर एका ओळखीच्या सुमोत घालून आमच्या माडीवर आणायचे. आठ पोर्टांचं एक हब, ढीगभर निळ्या वायरी, आणि भिंतीवर लोडशेडिंगचं वेळापत्रक. वीज आली की खेळ सुरू, गेली की पत्ते. कॅफेत तेव्हा सगळीकडे काउंटर-स्ट्राइक चालायचं. हे चौघं मात्र खेळायचे क्वेक थ्रीचं टीम अरीना, जे जगात फारसं कुणी खेळत नव्हतं. एकतर आमच्या डबड्या मशीनांवर तेवढंच धावायचं, आणि दुसरं म्हणजे सीडी तीच होती. (ती कॉपी केलेली होती हे सांगायला नकोच.)

सीडी बघितल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकं चांगलं काहीतरी इतकं कसं आपटलं? म्हणून आजचा हा इतिहासाचा तास.

सुरुवात करू १९९३ पासून. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आणला. चार जणांपर्यंत नेटवर्कवर एकमेकांना मारायची सोय त्यात होती. जून १९९६ मध्ये 'क्वेक' आला, तो थेट इंटरनेटवरून खेळता यायचा. त्याच डिसेंबरात जॉन कार्मॅकने 'क्वेकवर्ल्ड' काढलं. त्यातली युक्ती अशी की सर्व्हरचं उत्तर यायची वाट न बघता तुमचं मशीनच तुमची पुढची हालचाल अंदाजाने दाखवतं, आणि उत्तर आल्यावर दुरुस्त करतं. मोडेमवाल्या लोकांसाठी ही गोष्ट म्हणजे देवच पावला.

पण ह्या सगळ्यात हिरो एकटाच होता. १९९७ मध्ये कार्मॅकने क्वेकच्या एका स्पर्धेत आपली लाल फेरारी बक्षीस लावली आणि डेनिस फाँग ऊर्फ 'थ्रेश' नावाचा पोरगा ती घेऊन गेला. फेरारी एकालाच मिळते. पाच जणांत ती कशी वाटणार?

टीमचा खेळ जन्माला आला तो कंपनीबाहेर. इडने क्वेक असा बनवला होता की कुणीही त्यात बदल करून आपलं 'मॉड' काढू शकेल. १९९६ मध्येच डेव्ह 'झॉइड' कर्शने थ्रीवेव्ह सीटीएफ काढलं, म्हणजे कॅप्चर द फ्लॅग. समोरच्याच्या गडावरून त्याचा झेंडा उचलायचा आणि आपल्या गडावर आणायचा, पण आपला झेंडा जागेवर असेल तरच गुण. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉकर आणि मंडळींनी 'टीम फोर्ट्रेस' काढलं, त्यात प्रत्येकाचं काम वेगळं. दोन्ही फुकट. पुढे टीम फोर्ट्रेसवाल्यांना व्हॉल्व कंपनीने नोकरीवरच घेतलं.

१९९८ च्या अखेरीस 'स्टारसीज : ट्राइब्ज' आला. मोकळी मैदानं, मोठमोठे संघ. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'अनरिअल टुर्नामेंट' आला आणि त्यात संघांचे तीन-चार प्रकार डब्यातच भरलेले. पुढच्याच महिन्यात इडचा 'क्वेक थ्री अरीना' आला. दिसायला देखणा, वेगाला वेडा, ग्राफिक्स कार्ड नसेल तर सुरूच होणार नाही असा बाणेदार. पण संघाच्या नावाने साधी टीम डेथमॅच आणि झेंड्याचे चारच नकाशे. समीक्षकांनी नेमकं ह्यावरच बोट ठेवलं.

त्याला उत्तर म्हणून डिसेंबर २००० मध्ये आलं 'क्वेक थ्री : टीम अरीना'. पॅकमध्ये काय होतं? झेंड्याच्या जुन्या खेळासोबत तीन नवे :

वन फ्लॅग – मैदानाच्या मध्ये एकच पांढरा झेंडा. तो उचलून समोरच्याच्या गडात नेऊन ठेवायचा.

ओव्हरलोड – प्रत्येक गडात एक स्तंभ. समोरच्याचा फोडायचा, आपला राखायचा. थोडी उसंत मिळाली की स्तंभ आपोआप भरून येतो, म्हणून सगळ्यांनी मिळून एकदमच हल्ला करावा लागतो.

हार्वेस्टर – मेलेल्या प्रत्येकामागे मैदानाच्या मध्यभागी एक कवटी पडते. शत्रूच्या कवट्या गोळा करून त्याच्याच गडात नेऊन टाकायच्या. जितक्या जास्त गोळा कराल तितका हव्यास आणि तितकाच धोका. आमच्या माडीवर सगळ्यात जास्त भांडणं ह्यावरून व्हायची.

शिवाय खिळे मारणारी नेलगन, चेनगन, आणि जवळ कुणी आलं की फुटणारे सुरुंग. पण मला सगळ्यात आवडायचे ते गडावर ठेवलेले चार पॉवरअप. एकाने एकच घ्यायचा, आणि मरेपर्यंत तो तुमचा. स्काउट घेतला तर पळायचा वेग वाढतो पण चिलखत मिळत नाही. गार्ड घेतला तर तब्येत भरून येत राहते. डबलरने मार दुप्पट. चौथ्याने गोळ्या आपोआप भरतात. म्हणजे खेळ सुरू होतानाच प्रश्न : आज तू कोण? त्याशिवाय एक टीम लीडर, आणि तो देऊ शकेल अशी सात कामं : हल्ला, बचाव, गस्त, मागे चल, झेंडा परत आण, झेंडेवाल्याला सोबत कर, एका जागी दबा धरून बस.

कागदावर तर एकदम झकास. मग माशी शिंकली कुठे?

पहिलं कारण, वेळ. संघाचा खेळ हवा होता ते लोक वर्षभरात अनरिअलकडे गेले होते. आणि टीम अरीनाच्या एक महिना आधी, नोव्हेंबर २००० मध्ये, काउंटर-स्ट्राइक दुकानात आलं होतं. तेही जून १९९९ पासून फुकट मॉड म्हणून गाजलेलं. गंमत म्हणजे ते हाफ-लाइफवर उभं होतं, आणि हाफ-लाइफचं इंजिन क्वेकच्याच इंजिनातून निघालेलं. इडला हरवलं ते इडच्या नातवाने.

दुसरं, मशीन. क्वेकचं इंजिन बंद खोल्या आणि बोळांसाठी बनलेलं. टीम अरीनाने त्यात मोठमोठी मोकळी मैदानं घातली आणि लोकांचे पीसी धापा टाकायला लागले.

तिसरं कारण माझ्या मते खरं कारण. पॅक विकत घ्यायचं, तेही मूळ गेम जवळ असेल तरच उपयोगाचं. ज्याच्याकडे पॅक नाही तो त्या सर्व्हरवर येऊच शकत नाही. आता एकट्याने खेळायच्या गेमचं एक्स्पान्शन मी घेतलं आणि तुम्ही नाही घेतलं, तर माझं काय बिघडलं? पण संघाच्या खेळात माझे पाच मित्र आहेत आणि त्यातल्या दोघांनी घेतलं नाही, तर माझेही पैसे पाण्यात. मग पाचही जण जे फुकट आहे तेच खेळतात. थ्रीवेव्ह क्वेक थ्रीसाठीही फुकट होतंच. इडने विकायला काढलेली वस्तू 'टीम' होती, पण ती विकत होते एकेकट्याला. पुढे व्हॉल्वने टीम फोर्ट्रेस टू मध्ये नवे नकाशे सगळ्यांना फुकट दिले, आणि २०११ मध्ये अख्खा गेमच फुकट केला. आज असे बहुतेक गेम नकाशे फुकट देतात आणि पैसे कपड्या-टोप्यांवर कमावतात, ते उगीच नाही.

असो. पण गोष्ट इथे संपत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये इडने क्वेक थ्रीचा सोर्स कोड जीपीएल लायसन्सखाली खुला केला. चित्रं, नकाशे, आवाज नाही, फक्त कोड. त्यातलं वर्गमुळाच्या व्यस्ताचं ते जादुई गणित आपल्या जमातीत सगळ्यांना माहीत असतं. मी ह्या वेळी दुसरंच काहीतरी शोधत होतो. टीम अरीनाचा कोड वेगळा नाहीये, मूळ कोडमध्येच जागोजागी 'इफडेफ मिशनपॅक' असं लिहून आत टाकलेला आहे. एक शब्द डिफाइन करा, संघ हजर. नाही केला, तर ते सगळं असूनही नसल्यासारखं. हापिसात असे कोड मी दिवसभर बघतो, पण इथे उगीच वाईट वाटलं.

आणि मग बॉट्सचा कोड. संगणकाने चालवलेले हे खेळाडू हॉलंडच्या यान पॉल फान वाव्हेरेनने लिहिले, २००१ चा त्याचा डेल्फ्टचा प्रबंधही ह्याच विषयावर आहे. २०१७ मध्ये तो गेला. त्याचा लीडर बॉट काम कसं वाटतो बघा. आधी परिस्थिती चारपैकी कुठली ते ठरवतो : दोन्ही झेंडे जागेवर, फक्त आपला गेलाय, फक्त त्यांचा आणलाय, की दोन्ही हललेत. मग आपल्या गड्यांची यादी लावतो, कोण गडापासून किती वेळाच्या अंतरावर आहे ह्यानुसार. दोन्ही झेंडे जागेवर असतील तर जवळचा थांबतो, लांबचा हल्ल्याला जातो. त्यानंतर एक प्रश्न अजून तपासतो : ह्या गड्याने स्वतःहून बचाव मागितलाय का? मागितला असेल तर तो यादीत पुढे. आणि काही मिनिटं एकही झेंडा आला नाही, तर लीडर कधीकधी धोरणच बदलून बघतो.

हे वाचताना मला माडी आठवली. दादा कायम गडावर. झेंडा आणणारे ते तिघं, आरडाओरडा त्यांचा, नाव त्यांचं. मला राग यायचा. मी एकदा विचारलं होतं, "दादा, तू काहून नाही आणत झेंडा?" तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "मग घरी कोण थांबंल बे?"

तो २००९ मध्ये पास झाला तेव्हा मंदी होती. त्याच वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. दादा उमरेडला परतला आणि त्याने काकांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळायला घेतलं (म्हणजे नट-बोल्टवालं हार्डवेअर). तिघं मित्र आज पुणे, बंगळुरू आणि न्यू जर्सीत. माझ्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी त्या दुकानातून गेली. घरी ह्याबद्दल कुणी बोलत नाही, मीही बोललो नव्हतो. यादीत जो जवळ होता तो थांबला, एवढंच सगळ्यांनी धरून चाललेलं. त्याने ते मागितलं होतं का, हे आम्ही कुणी तपासलं नाही.

रात्री मी गेम रीतसर विकत घेऊन लॅपटॉपवर चढवला आणि दुकानातला पीसी त्याला वायरने जोडला. मी, दादा आणि दोन बॉट, विरुद्ध चार बॉट. दादाने सवयीने गार्ड उचलला. म्हटलं, "आज मी थांबतो. तू जा."

"तुले जमते का?"

"नाही."

तो स्काउट घेऊन गेला. आठ-आठ हात झाले तेव्हा ५-२ ने हरलो होतो. गड राखणं किती कठीण असतं ते मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं, दर दुसऱ्या मिनिटाला झेंडा जायचा. पण आमचे ते दोन्ही झेंडे दादाने आणले. दुसरा आणला तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की काकू खालून धावत आली.

सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. सीडी अजून कपाटातच आहे.