कणगीचा हिशेब

१८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या उठावात लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे जे हाती लागले ते जाळले गेले. पुढे चौकशीचा आयोग बसला, त्याचा अहवाल आला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदाही झाला. 'दख्खनचे दंगे' म्हणून हे सारे आपण पाठ्यपुस्तकातून वाचलेले असते.

या प्रकरणात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आणि तोच मला इथे महत्त्वाचा वाटतो. कुणबी कर्जात बुडाला तो त्याच्या उधळेपणामुळे काय? लग्नाच्या जेवणावळी, दिवस-वारे, जत्रा यांत तो ऐपतीबाहेर खर्च करतो, हे मत त्या काळी अधिकाऱ्यांमध्ये होते, तसेच शहरी सुशिक्षितांमध्येही होते. आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे नोंदवले. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन केले, त्याचा रोखही याच आरोपाकडे आहे. त्या घरातील भांडी, अंथरुणे, चूल, गोठा यांची ती जवळजवळ पंचनाम्यासारखी यादी वाचताना उधळायला तिथे होते तरी काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. आपले प्राध्यापक मंडळी हा भाग 'वास्तवदर्शी वर्णन' म्हणून शिकवतात. माझ्या मते ते वर्णन असण्याआधी एक पुरावा आहे, आणि तो तसाच वाचला पाहिजे.

तरीही फुल्यांचा अपवाद सोडला तर हा सगळा वाद ज्या कागदांवर चालला, ते कागद रुपयांत बोलतात. कर्ज किती, व्याज किती, शेतसारा किती, लग्नाचा खर्च किती. घरात मात्र रुपया पाहुण्यासारखा येई आणि जाई. घर चालत होते ते शेरा-पायलीवर. हा दुसरा हिशेब कोणी लिहिला नाही, कारण तो ज्यांच्या हाती होता त्या स्त्रियांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना तो हिशेब वाटत नव्हता.

धान्याच्या मापांकडेच पाहा. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. चिपट्याच्या खालीही कोळवे, निळवे अशी अर्ध्या-अर्ध्याने उतरणारी मापे होती. प्रांतोप्रांती यात फरक असे, पण धाटणी हीच. शेराच्या खालचे प्रत्येक माप वरच्याच्या नेमके निम्मे आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे जे घरात रोज लागते तिथे निमपट, आणि जे खळ्यावर किंवा बाजारात लागते तिथे चार, बारा, वीस. कागदावर भागाकार न करता 'उद्यापासून निम्मे' असे म्हणण्याची सोय या मापांतच होती. पाऊस लांबला की सासू शेराच्या जागी मापटे काढी. दुष्काळाची पहिली बातमी सुनेला अशी मापातून कळे.

या हिशेबाचा खरा ताण वर्षाच्या एका विशिष्ट भागात असे. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात घरात येई, खरिपाची बाजरी दिवाळीच्या आसपास. आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे तीन महिने मधली दरी. शेतसारा रोखीने भरायचा, म्हणून पीक निघताच, भाव सर्वांत पडलेला असताना धान्य विकावे लागे. आणि कणगी रिकामी झाल्यावर तेच धान्य चढ्या भावाने, बहुधा उधारीवर, परत घ्यावे लागे. ही उधारी सावकाराच्या वहीत गेली की तिला 'कर्ज' हे नाव मिळे. ती वहीत जाण्याचा दिवस जितका पुढे ढकलता येईल तितका ढकलणे, हेच गृहव्यवस्थेचे काम होते. काटकसरीचा अर्थ तिथे इतकाच होता. 'संसार टुकीचा करावा' या मध्यमवर्गीय उपदेशाशी तिचा फारसा संबंध नाही.

या एका उद्दिष्टासाठी केवढे कसब राबत होते, ते पाहण्यासारखे आहे. कोरड्या, चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत पेव खणून, आतून कडबा-भुसा लावून ज्वारी वर्षभर, क्वचित त्याहूनही अधिक, टिकवली जाई. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आत कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरतो हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून आधी दिवा सोडून तो जळतो की विझतो ते पाहत. ज्यांच्याकडे पेव भरण्याइतके पीक नव्हते, त्यांच्या घरी बांबूची किंवा तुरकाठ्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली कणगी असे. कडधान्याला राख चोळून ठेवत, धान्यात कडुनिंबाचा पाला घालत. स्वयंपाकघरात गाडग्या-मडक्यांची उतरंड. तिच्या तळच्या मडक्यात काय आहे, हे घरधन्यालाही नेहमी ठाऊक असेच असे नाही. दुकानदाराकडे चिपटेभर दाणे टाकून मीठ, तेल, क्वचित मुलासाठी गुळाचा खडा आणणे, हा बायकांचा आपला स्वतंत्र व्यवहार होता. त्याला काही घरांत 'चोरी'ही म्हटले जाई!

चुलीला लागून असलेला वैल हा तर मला या सगळ्या व्यवस्थेचा नमुनाच वाटतो. चुलीतली आच शेजारच्या तोंडातून बाहेर पडते, तिच्यावर दुसरे भांडे ठेवायचे. भाकरी होते तोवर वैलावर आमटी उकळते किंवा अंघोळीचे पाणी तापते. वेगळे जळण लागत नाही. जळण म्हणजे गोवऱ्या, धसकटे, तुरकाठ्या. त्यांची राख भांडी घासायला, कडधान्याला आणि शेवटी उकिरड्यावरून शेतात. परसातल्या मोरीचे पाणी अळवाला किंवा केळीला. लुगड्याचेही असेच. नवे असताना ते सणाला, मग बाजाराला, मग शेतात, मग घरात. विरले की धडोतीच्या घड्या एकावर एक ठेवून वाकळ शिवायची, वाकळ फाटली की तिचे पोतेरे, चिंध्या उरल्याच तर दिव्याच्या वाती.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाची एक वेगळीच पंचाईत होते. जी वस्तू अशी शेवटपर्यंत वापरली जाते, ती मागे उरत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण नक्षीचे दिवे, अडकित्ते, भांडी पाहून थक्क होतो, आणि केळकरांचे ते काम थोर आहे यात शंका नाही. पण कुणब्याच्या घरातील वाकळ कुठल्याही संग्रहालयात पोचण्याआधी तिचे पोतेरे झालेले असते. काटकसर आपलाच पुरावा खाऊन टाकते. मग मागे राहतात ते कर्जरोखे, आणि ते वाचून आपण त्या घराला उधळे ठरवतो.

जेवणाच्या बाबतीत मात्र पुरावा आणखी अवघड जागी जातो. कण्या, आंबील, हुलग्याचे माडगे, वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, पावसाळ्यात बांधावरचा तांदुळजा आणि पाथरी या पदार्थांची यादी आज कौतुकाने सांगितली जाते. शहरात 'रानभाजी महोत्सव'ही होतात. त्याला माझी हरकत नाही. पण ही यादी सांगताना ताटे कोणत्या क्रमाने वाढली जात, हे सांगायचे राहून जाते. आधी पुरुष, मग मुले, मग सासू आणि शेवटी सून. धान्य निम्म्यावर आले की सर्वांची भाकरी निम्मी होत नसे. औत धरणाऱ्याची होत नसे, मुलांची शक्यतो होत नसे. तूट भरून निघे ती टोपल्याच्या तळाशी, शेवटी जेवणारीच्या वाट्यातून. जी व्यक्ती माप हातात धरत होती, तिच्याच पोटातून शिल्लक काढली जात होती. मराठी गद्यातल्या 'आईच्या काटकसरी'वरच्या कितीतरी हळव्या पानांनी हे एक वाक्य गाळलेले आहे, असे मला वाटते.

आणि सर्व घरे कुणब्याची नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात खळ्यावरच्या बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आली आहे. वर्षभराच्या कामाचा मोबदला पीक निघाल्यावर धान्यात. बलुतेदाराच्या घराची कणगी दुसऱ्याच्या खळ्यावर भरायची असे, आणि कुणब्याने वाढा आखडला की त्याची काटकसर दुसऱ्याच्या घरात उपास होऊन पोचे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके आपण आत्मकथने म्हणून वाचतो. बेबीताईंनी सांगितलेली बाळंतिणींची उपासमार ही गृहअर्थशास्त्राचीही नोंद आहे. तिथे वाचवायला काही नव्हतेच. तिथे प्रश्न आजचा होता.

एवढे करूनही घरे तरत होती का? हेरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १०३ कुटुंबांपैकी केवळ जमिनीवर नीट जगू शकणारी ८ निघाली. बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्याने तगणारी आणखी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्याच राहणीला पुरत नव्हते. पुढे मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला (१९२१). तिथे १४७ पैकी १२५ कुटुंबे या शेवटच्या वर्गात होती. मॅन यांचा निकष चैनीचा नव्हता. तो त्या गावाच्याच साध्या राहणीवरून ठरवलेला होता. वैल, वाकळ आणि निम्मे माप यांनी कर्जाचा दिवस पुढे ढकलला असेल, पण तो टाळता आला नाही, हे या आकड्यांतून दिसते. तुकड्यातुकड्यांत वाटल्या गेलेल्या जमिनीला आणि व्याजाच्या दराला चुलीपाशी उत्तर नव्हते. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि तिथे उंच इमारतींच्या सोसायट्या उभ्या आहेत. मॅन यांची ती शेते आता त्यांच्या तक्त्यांतच शोधावी लागतात.

लिहिता न येणाऱ्या हिशेबनीस बायकांनी मागे काहीच ठेवले नाही, असे मात्र नाही. पिठाच्या गिरण्या गावोगाव येण्यापूर्वी पहाटेच्या दळणाबरोबर ओवी होती. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचे बरेचसे काम मुळशी-मावळच्या गावांतले, म्हणजे मॅन ज्या पुणे जिल्ह्यात हिंडले त्याच जिल्ह्यातले आहे. या ओव्यांत माहेरच्या लुगड्या-चोळीचा, भावाने बाजारात कोणते कापड घेतले याचा उल्लेख सारखा येतो. आपण तो 'भावाबहिणीचे प्रेम' या शीर्षकाखाली टाकून मोकळे होतो. प्रेम तर आहेच. पण सासरच्या घरात सुनेच्या कपड्यावर खर्च निघत नसे तेव्हा माहेरहून आलेले लुगडे ही तिची वर्षाची जमा होती, आणि दोन-तीन वर्षांनी त्याचीच वाकळ होणार होती. दळणारणीला ते पक्के ठाऊक होते. म्हणूनच ती पोत, रंग आणि काठ इतक्या बारकाईने सांगते.